गेफी: कंपन्यांच्या नात्यांचा बदलता नकाशा काढताना काय जमतं, कुठे फसतं

कोण कोणाकडून माल घेतं, कोणाच्या संचालक मंडळावर कोण बसतं, कोणी कोणात भांडवल घातलंय, ही नाती एका वर्षापुरती मांडायची तर एक्सेलची शीट पुरते. दहा वर्षांची मांडायला गेलं की शीट हात टेकते. मग बहुतेक जण गेफी या जाळ्यांची चित्रं काढणाऱ्या प्रोग्रॅमकडे वळतात. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, कोड लिहावा लागत नाही, आणि खालची काळपट्टी (टाइमलाइन) सरकवली की रेषा उगवताना आणि विझताना दिसतात. बैठकीत हे चित्र लावलं की सगळे पुढे सरसावून बघतात, हे खरं. पण त्या चित्रात दिसणारा बराचसा बदल आपण डेटा कसा भरला यातून आलेला असतो, आणि गेफी त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. हे परीक्षण गेफीच्या ०.१० मालिकेचं आहे आणि फक्त याच एका कामापुरतं: कंपन्यांमधली नाती काळानुसार कशी बदलली हे पाहणं.

फ्रान्समधल्या कोंपिएन्यच्या तंत्रज्ञान विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी गेफी सुरू केलं आणि २००८ मध्ये ते लोकांसमोर आलं. ०.१० आवृत्ती जानेवारी २०२३ ची. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. पूर्वी जावा वेगळं टाकावं लागायचं आणि चुकीच्या आवृत्तीमुळे प्रोग्रॅम उघडायचाच नाही. आता जावा सोबतच येतं, त्यामुळे ती कटकट संपली. आत तीन खोल्या आहेत असं समजा: ओव्हरव्ह्यूमध्ये चित्र घडवायचं, डेटा लॅबोरेटरीमध्ये तक्ते बघायचे, प्रिव्ह्यूमध्ये छापायची प्रत तयार करायची. कंपनी म्हणजे नोड, नातं म्हणजे एज. पुढे मी बिंदू आणि रेषा म्हणतो.

भरायच्या दोन सीएसव्ही फाइल्स (स्वल्पविरामांनी तोडलेले साधे तक्ते). बिंदूंच्या फाइलमध्ये आयडी आणि लेबल हे दोन रकाने लागतात. रेषांच्या फाइलमध्ये सोर्स आणि टार्गेट (रेषा कुठून कुठे) हवेतच; टाइप आणि वेट (रेषेचं वजन, म्हणजे नातं किती मोठं) दिले तर उत्तम. मथळे इंग्रजी अक्षरांत आणि आकडे इंग्रजी अंकांतच (1, 2, 3) ठेवा; खालच्या उदाहरणांत ते फक्त वाचायला देवनागरीत दिलेत. कंपन्यांची नावं देवनागरीत असतील तर आयात करताना एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडलंय ना हे बघा, नाहीतर नावांच्या जागी चौकोन आणि प्रश्नचिन्हं येतील. मालपुरवठा, भांडवल, कर्ज ही दिशा असलेली नाती, तिथे टाइप डिरेक्टेड. समाईक संचालक किंवा भागीदारीतला प्रकल्प असेल तर अनडिरेक्टेड. वेगवेगळ्या प्रकारची नाती एकाच फाइलमध्ये कोंबू नका. त्याचं कारण पुढे निस्सानच्या उदाहरणात येईल.

आयात करताना शेवटच्या पडद्यावर ‘एज मर्ज स्ट्रॅटेजी’ नावाचा एक छोटा पर्याय येतो आणि जवळपास प्रत्येक नवखा तो न वाचता पुढे जातो. मूळ निवड ‘सम’ ही असते. म्हणजे दरवर्षीची ओळ वेगळी ठेवून एकाच जोडीच्या आठ ओळी दिल्या, तर गेफी आठही वर्षांच्या वजनांची बेरीज करून एक जाडजूड रेषा काढतं. आठ वर्षं किरकोळ खरेदी करणारा ग्राहक मग एका वर्षात प्रचंड माल उचलणाऱ्या ग्राहकाएवढा दिसायला लागतो. त्यापेक्षा प्रत्येक जोडीला एकच ओळ ठेवावी आणि काळ वेगळ्या रकान्यात भरावा.

काळ भरायच्या दोन पद्धती आहेत आणि एका प्रकल्पात एकच चालते: इंटरव्हल किंवा टाइमस्टॅम्प. इंटरव्हल म्हणजे नातं अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत सलग होतं. ते <[२०१५, २०१८]> असं लिहायचं, मध्ये खंड पडला असेल तर <[२०१५, २०१८]; [२०२१, २०२३]>. सुरुवात आणि शेवट वेगवेगळ्या रकान्यांत असतील तर डेटा लॅबोरेटरीत ‘मर्ज कॉलम्स’मध्ये जाऊन ‘क्रिएट टाइम इंटरव्हल’ निवडलं की काम होतं. ही सोय फारच चांगली आहे. टाइमस्टॅम्प म्हणजे नातं अमुक अमुक क्षणी दिसलं, एवढंच सांगणारी वर्षांची यादी.

करारांच्या नोंदी हातात असतील तर इंटरव्हल घ्या. वार्षिक अहवालांतून माहिती गोळा केली असेल तर टाइमस्टॅम्प जास्त प्रामाणिक, कारण अहवाल वर्षातून एकदाच बोलतो; दोन अहवालांच्या मध्ये काय घडलं हे त्याला ठाऊक नसतं. फक्त टाइमस्टॅम्प वापरताना काळपट्टीची खिडकी एक वर्षाहून अरुंद ठेवू नका. खिडकी २०१५.२ ते २०१५.८ अशी असेल तर आत एकही नोंद पडत नाही आणि पडदा रिकामा होतो. फिल्म चालवल्यावर चित्र लुकलुकायला लागलं तर बहुतेक वेळा हेच कारण असतं.

इंटरव्हलची खोडी वेगळी आहे. दोन्ही टोकं आत धरली जातात. एका कंपनीने २०१८ मध्ये जुना पुरवठादार सोडून नवा धरला, आणि तुम्ही जुन्याचा शेवट २०१८ व नव्याची सुरुवातही २०१८ लिहिलीत, तर त्या क्षणी दोन्ही रेषा दिसतात. ‘बदली’चं चित्र ‘भर’ होऊन बसतं. शेकडो जोड्यांत हे झालं की दर वर्षाच्या सीमेवर जाळं अचानक फुगतं आणि कुणीतरी त्यावर सिद्धांत मांडतं. पूर्ण तारखा भरा, किंवा जुन्या नात्याचा शेवट थोडा आधीचा लिहा. तीन वर्षांची रुंद खिडकी ठेवली तरी हाच घोळ: खिडकीला नुसता स्पर्श करणारी प्रत्येक रेषा उमटते, त्यामुळे प्रत्यक्षात कधीच एकत्र नसलेली नाती शेजारी शेजारी दिसतात.

आता गेफीचा दोष नसलेला, पण गेफीत सगळ्यात महागात पडणारा भाग. नात्याची सुरुवात नोंदवली जाते. शेवट सहसा कोणी नोंदवत नाही. करार झाल्याची बातमी येते, करार विरला याची येत नाही. मग डेटा भरणारे शेवटचा रकाना रिकामा सोडतात, आणि रिकामा शेवट म्हणजे ‘आजतागायत’ असा अर्थ लावला जातो. परिणामी प्रत्येक जाळं वर्षागणिक घनदाट होत जाताना दिसतं. निरीक्षणाचा काळ संपल्यामुळे उघडी राहिलेली नाती आणि खरोखर टिकलेली नाती यांना वेगवेगळी खूण हवी. रेषांच्या तक्त्यात ‘शेवट पाहिला’ असा हो-नाही रकाना ठेवला की रंगाने फरक दाखवता येतो. भागीदारीतल्या प्रकल्पांचा शेवट सापडतच नसेल तर ठरावीक आयुष्य गृहीत धरणं हा रूढ उपाय आहे. पण मग ती मुदत बदलून चित्र पुन्हा काढून बघा. तीनाचे पाच वर्षं केल्यावर निष्कर्ष उलटत असेल, तर तुमच्याकडे निष्कर्ष नाही.

जाहीर कागदपत्रांतून ग्राहक-पुरवठादार शोधणाऱ्यांसाठी आणखी एक. अमेरिकेतल्या नोंदणीकृत कंपन्यांना एकूण उत्पन्नाचा १० टक्के किंवा जास्त वाटा देणाऱ्या ग्राहकाची माहिती द्यावी लागते, आणि या विषयावरचा बराच डेटा याच नियमातून निघतो. ग्राहकाचा वाटा ११ वरून ९ टक्क्यांवर आला की रेषा गायब होते, व्यवहार मात्र चालूच असतो. उलट, पुरवठादार वाढत गेला की त्याचे तेच ग्राहक एकेक करून उंबरठ्याखाली जातात. म्हणजे कंपनी जितकी यशस्वी तितकी नकाशात एकटी! अशा डेटात एक-दोन वर्षांचा खंड पडलेला दिसला तर नातं तुटून जुळलं असं लगेच लिहू नका. मधली वर्षं भरून घ्यायची की नाही हा निर्णय आधी घ्या आणि तो चित्राखाली छापा.

बिंदूंची ओळख हा तिसरा खड्डा. कंपन्या नाव बदलतात, विलीन होतात, फुटतात. नावालाच आयडी केलं तर नामांतर झालेली कंपनी ‘मेली’ आणि दुसरी ‘जन्मली’ असं दिसतं, सोबत तिच्या सगळ्या रेषा तुटून नव्या जुळतात. आयएसओ १७४४२ या मानकाखाली दिला जाणारा एलईआय हा २० अक्षरांचा क्रमांक नाव बदललं तरी तोच राहतो. मिळत असेल तर तोच आयडी घ्या. विलीनीकरणात मात्र कोणताही क्रमांक तुम्हाला वाचवत नाही. घेतलेल्या कंपनीच्या रेषा घेणाऱ्या कंपनीकडे वळवायच्या का? वळवल्या तर तिच्या नात्यांची संख्या एका रात्रीत उडी मारते, आणि ती तिने नवी नाती जोडल्याची खूण नसते. माझ्या मते वळवाव्यात, पण ‘वारशाने आलेली’ असा रकाना लावून. उपकंपन्यांना मूळ कंपनीत मिसळायचं की नाही हेही एकदाच ठरवून सगळ्या वर्षांना सारखं लावा. अर्ध्या वर्षांत मिसळलेल्या आणि अर्ध्या वर्षांत सुट्या, अशी फाइल दुरुस्त करण्यापेक्षा नव्याने बनवणं सोपं जातं.

संचालक मंडळांच्या जाळ्यात अजून एक आकडा डोक्यात ठेवा. मूळ नातं माणूस आणि कंपनी यांच्यात असतं; त्यातून कंपनी-कंपनी असं जाळं काढताना एका गटात जितके सदस्य, तितक्यांच्या सगळ्या जोड्या तयार होतात. १२ कंपन्यांच्या एका संघाने ६६ रेषा निर्माण होतात. असा एक संघ स्थापन झाला आणि दुसऱ्या वर्षी मोडला की जाळ्याची घनता टेकडीसारखी चढते-उतरते, प्रत्यक्षात घटना एकच. गटाच्या आकाराने वजन भागून घेतलं तर ही सूज बरीच उतरते. हे गेफीत करता येत नाही, आयातीपूर्वीच करायचं.

चित्राची मांडणी हा गेफीचा खरा जोर. फोर्सअ‍ॅटलस टू हे मांडणीचं सूत्र गेफीच्याच लोकांनी बनवलेलं: जोडलेले बिंदू जवळ येतात, बाकीचे एकमेकांना ढकलतात. काळानुसार बदलणाऱ्या जाळ्यासाठी ते असं वापरावं. काळपट्टी बंद ठेवा, म्हणजे सगळ्या वर्षांच्या रेषा एकत्र दिसतील. मांडणी सुरू करा. तीन-चारशे कंपन्या असतील तर स्केलिंग (बिंदू किती पसरतात) १० ते २० च्या दरम्यान ठेवून बघा. एकाकी बिंदू क्षितिजाकडे पळत असतील तर ग्रॅव्हिटी वाढवा. गुच्छ नीट सुटे होत नसतील तर लिनलॉग हा पर्याय लावा, पण मग स्केलिंग पुन्हा जुळवावं लागतं. बिंदूंचे आकार ठरवून झाल्यावर शेवटी ‘प्रिव्हेंट ओव्हरलॅप’ची खूण करा, सुरुवातीलाच केलीत तर बिंदू एकमेकांत अडकून बसतात. हे सूत्र आपणहून थांबत नाही, ‘स्टॉप’ दाबावंच लागतं. थांबवल्यावर जागा गोठल्या असं धरा आणि मगच काळपट्टी चालू करा.

मांडणी चालू ठेवून काळपट्टी खेळवली तर बिंदू माशांसारखे पोहतात. बघायला छान. पण कोणती हालचाल नातं बदलल्यामुळे आणि कोणती नुसत्या ढकलाढकलीमुळे, हे सांगता येत नाही. गोठवलेल्या जागांचीही किंमत आहेच: २०१० च्या जोडीदारामुळे एखादी कंपनी २०२० मध्येही त्याच कोपऱ्यात बसलेली दिसते. तरी दोन वर्षांची तुलना करायची असेल तर हाच मार्ग. डावी-उजवीकडे आणि वर-खाली असण्याला स्वतःचा काही अर्थ नसतो, हेही एकदा सांगून टाका. बैठकीत कुणीतरी विचारतंच.

आकडेवारीच्या बाबतीत जपून. गेफीतली गणितं त्या क्षणी पडद्यावर दिसणाऱ्या जाळ्यावर चालतात आणि उत्तर तक्त्यात एका स्थिर रकान्यात लिहितात. २०१६ वर पट्टी ठेवून डिग्री (बिंदूला जोडलेल्या रेषांची संख्या) काढली, त्यावरून बिंदूंचे आकार दिले, मग २०२२ वर सरकलात, तर आकार २०१६ चेच राहतात. काळानुसार बदलणारी डिग्री हवी असेल तर आकडेवारीच्या पट्टीत तळाशी ‘डायनॅमिक’ गट आहे. तिथे विंडो (एका वेळी किती काळ मोजायचा) आणि टिक (दर वेळी किती पुढे सरकायचं) भरायचे. वार्षिक डेटाला दोन्ही १ ठेवा. टिक विंडोपेक्षा लहान ठेवला तर आलेख गुळगुळीत दिसतो, पण त्यात तीच नोंद पुनःपुन्हा मोजलेली असते. या गटात मिळतात फक्त बिंदूंची आणि रेषांची संख्या, डिग्री आणि क्लस्टरिंग कोइफिशियंट (एखाद्याचे जोडीदार आपसात किती जोडलेत). बिटवीननेस, म्हणजे इतरांच्या मधल्या वाटेवर कोण बसलंय, हे दरवर्षीसाठी हवं असेल तर प्रत्येक वर्ष गाळून, ‘नेटवर्क डायमीटर’ चालवून, तक्ता निर्यात करून हातानेच जोडावं लागतं. पाच वर्षांना ठीक. पंचवीस वर्षांना छळ.

मॉड्युलॅरिटीने गट शोधणं तर जास्तच फसवं. त्यात यादृच्छिकता आहे, तेव्हा त्याच डेटावर दोनदा चालवलं तर गट थोडे वेगळे येऊ शकतात. वर गटांना मिळणारे क्रमांकही मनमानी. २०१८ मधला गट ३ आणि २०१९ मधला गट ३ यांचा एकमेकांशी संबंध असेलच असं नाही. रंग बदलले म्हणून ‘युती फुटली’ असं वाक्य लिहिण्यापूर्वी त्या गटातल्या कंपन्यांची नावं शेजारी ठेवून वाचा.

जाळं किती बदललं याचं एक आकडी उत्तर मात्र गेफी देतच नाही, आणि ही मला सगळ्यात मोठी उणीव वाटते. हातानेच काढायचं: दोन्ही वर्षांत असलेली नाती भागिले दोहोंपैकी कुठल्याही वर्षात असलेली एकूण नाती. समजा पहिल्या वर्षी १२० रेषा, दुसऱ्या वर्षी १३०, समाईक ९०. मग ३० तुटल्या, ४० नव्या आल्या, आणि ९० भागिले १६० म्हणजे सुमारे ०.५६. याला जकार्ड निर्देशांक म्हणतात. नुसत्या संख्या बघितल्या तर १२० चे १३० झाले, म्हणजे जाळं जवळपास तसंच आहे असं वाटतं. आत जुन्यांपैकी चौथाई नाती तुटलेली असतात. आर या आकडेवारीच्या प्रोग्रॅमिंग भाषेतलं आरसिएना हे पॅकेज वापरणारे ०.३ च्या वर असेल तर डेटा चांगला आणि ०.२ च्या खाली असेल तर अवघड मानतात, कारण तेव्हा एका नोंदीतून दुसरी नोंद घडली असं म्हणणंच कठीण जातं.

वर म्हटलेलं निस्सानचं उदाहरण. ऑक्टोबर १९९९ मध्ये निस्सानचे तेव्हाचे वरिष्ठ अधिकारी कार्लोस घोन यांनी जाहीर केलेल्या पुनरुज्जीवन आराखड्यात पुरवठादार १,१४५ वरून ६०० च्या आत आणायचे होते, आणि निस्सानचे १,३९४ कंपन्यांमध्ये असलेले समभाग बहुतांशी विकायचे होते. एकाच फाइलमध्ये, एकाच रंगाच्या रेषांनी हे काढलं तर निस्सानभोवतालचं जाळं कोसळताना दिसेल. वेगवेगळ्या थरांत काढलं तर तीन निराळ्या गोष्टी वेगळ्या होतात: भांडवलाची रेषा तुटली पण मालाची राहिली, मालाची रेषाही तुटली, किंवा उरलेल्या पुरवठादाराची रेषा पूर्वीपेक्षा जाड झाली. तिसरी गोष्ट दिसायला वजन काळानुसार भरलेलं हवं, <[१९९८, १९९९, ४०]; [२०००, २००१, ७५]> अशा धर्तीवर, आणि अ‍ॅपिअरन्सच्या पट्टीतली आपोआप लागू होण्याची कळ चालू हवी. मोजपट्टी ‘लोकल’वर ठेवू नका, दरवर्षी ती स्वतःला नव्याने ताणते आणि जाडीची तुलनाच संपते.

आणि काही बदल वार्षिक डेटात कधीच सापडणार नाहीत. १ फेब्रुवारी १९९७ ला आयसिन सेइकीच्या कारिया कारखान्याला आग लागली. टोयोटाच्या ब्रेकमधला पी-व्हॉल्व्ह जवळजवळ सगळा तिथूनच यायचा आणि साठा फारच थोडा होता. टोयोटाचं जपानमधलं उत्पादन जवळपास ठप्प झालं. मग सुमारे २०० कंपन्या, त्यातल्या कित्येकांनी हा भाग आधी कधी केलेला नव्हता, कामाला लागल्या आणि साधारण आठवड्याभरात उत्पादन पूर्ववत होत आलं. १९९६ आणि १९९७ च्या वर्षअखेरची जाळी शेजारी ठेवली तर ही धावपळ त्यात नाही. अशा घटनेसाठी काळपट्टीचं एकक ‘डेट’ करून दिवसवार नोंदी भराव्या लागतात. गेफी ते नीट पेलतं. अडचण असते ती दिवसवार नोंदी मिळवण्याची.

त्रासदायक गोष्टी अजून आहेत. केलेलं मागे घ्यायची सोय नाही. डेटा लॅबोरेटरीत चुकून रकाना पुसला तर पुसला. म्हणून मूळ सीएसव्ही वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि प्रत्येक मोठ्या पायरीनंतर प्रकल्प नव्या नावाने जतन करा. दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये न्यायचं असेल तर जीईएक्सएफ या गेफीच्या फाइलप्रकारात निर्यात करा, त्यात काळाची माहिती टिकते. काळपट्टीची फिल्म थेट व्हिडिओ म्हणून काढता येत नाही. पडदा रेकॉर्ड करावा लागतो. संकेतस्थळावर एक लाख बिंदू आणि दहा लाख रेषांपर्यंतचा दावा आहे, पण काळपट्टी चालू असताना त्याच्या बऱ्याच अलीकडे यंत्र धापा टाकायला लागतं. रॅम असेल तर इन्स्टॉलेशनमधल्या ईटीसी फोल्डरातल्या गेफी.कॉन्फ फाइलमध्ये एक्सएमएक्सचा (जावाला किती मेमरी द्यायची तो) आकडा वाढवून बघा.

पाचशेपर्यंत कंपन्या, पाच-दहा वर्षं, आणि ‘बघू तरी काय घडलंय’ एवढा प्रश्न असेल तर गेफीच घ्या; यापेक्षा लवकर चित्र दुसरीकडे निघत नाही. दरवर्षीचे आकडे पुनःपुन्हा काढायचे असतील तर आरमधलं आयग्राफ किंवा पायथनमधलं नेटवर्कएक्स शिका, एका आठवड्याचं काम आहे. फिल्मच हवी असेल तर आरमधलं एनडीटीव्ही नावाचं पॅकेज (वृत्तवाहिनी नव्हे), कारण ते जागा एका वर्षाकडून पुढच्या वर्षाकडे सावकाश नेतं. आणि प्रश्न ‘का’चा असेल, म्हणजे कंपन्या आपल्या भागीदाराच्या भागीदाराकडेच का वळतात, तर आरसिएना, तिथे चित्र जवळपास नसतंच. छापायला मात्र परत गेफीत या: प्रिव्ह्यूमध्ये तीन किंवा चार निवडक वर्षं, जागा त्याच गोठवलेल्या, रेषांची अपारदर्शकता ३० ते ४० टक्के, लेबलं फक्त मोठ्या बिंदूंना, आणि निर्यात पीडीएफमध्ये. पीएनजी काढलीत तर मोठी करताना नावं फाटतात.